चांगुणाच्या बाटल्या आणि तीन ओहोट्या

चांगुणा गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून जे शेवटचं काम केलं, ते म्हणजे समुद्राचं पाणी बाटलीत भरलं. आमच्या वरळी कोळीवाड्याच्या जेटीवर, सकाळी साडेदहाच्या ओहोटीला. मी दोरी धरली, तिनं बादली सोडली. बादली वर आली की तिच्यात रबरी नळी घालायची, नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायचं आणि पाणी गप येऊ द्यायचं. बाटली भरली तरी थांबायचं नाही, तेवढंच पाणी आणखी वाहून जाऊ द्यायचं. मग हातात मोजे घालून औषधाचा एक थेंब. औषध जहरी. मग काचेचं बूच.

बुचाखाली मुगाएवढा बुडबुडा राहिला.

"दुसरी बाटली काढ," ती म्हणाली.

"अगो, एवढासा तो बुडबुडा. दर्या काय मरतोय त्यानं?"

"पोरगी बोलली बुडबुडा नको. मंग नको. धर दोरी."

माझे गुडघे ठणकत होते. शिव्या देत दोरी धरली. दुसरी बाटली तिच्या मनासारखी झाली. ओल्या गोणपाटात गुंडाळून तिनं घरी आणली, चष्मा लावला, चिठ्ठीवर काहीतरी लिहून चिकटवली आणि खाटेखाली अंधारात ठेवून दिली. चिठ्ठीवर ती काय लिहिते ते मी दोन वर्षांत कधी वाचलं नाही. माझं काम दोरीपुरतं.

दुसऱ्या दिवशी दादरच्या बाजारातून आली, पाटी उतरवली, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

आपल्या कोळीवाड्याच्या अंकात दरवर्षी कोण काशीचं लिहितं, कोण रामेश्वरचं, गेल्या साली एकानं दुबईचं लिहिलं. मी तीन दिवसांत वरळीहून गिरगाव, दादर आणि परळ एवढंच फिरलो. पण सत्तरी ओलांडेपर्यंत हा किनारा मी फक्त होडीतून बघितला होता, जमिनीच्या बाजूनं जेमतेम एकदा. म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका असतील तर छापणाऱ्यानं दुरुस्त कराव्या.

बाटल्यांचं आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी प्रज्ञा नावाची एक पोरगी जेटीवर आली. समुद्रावर पीएचडी करते. तिला असा माणूस हवा होता जो तीन-चार दिवसांआड ओहोटीचं पाणी भरून ठेवील. महिनाअखेरीला ती येणार, बाटल्या पिशवीत घालणार, पिशवीवर महिना लिहिणार आणि घेऊन जाणार. सगळे हसले. पाणी कसलं नेतेस, मासे ने. चांगुणा हसली नाही. म्हणाली, मी भरीन. पुनव आणि अवस सोडून, कारण त्या दोन दिवशी ती दर्याला हात लावत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा नेम.

चांगुणाचं तेरावं झालं, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी प्रज्ञा आली. बसली, रडली, चहा घेतला. उरलेल्या बाटल्या पिशवीत भरताना मान खाली घालून म्हणाली, "काका, तुमच्यापासून लपवत नाही. सर काकूंच्या सगळ्या बाटल्या टाकून द्यायच्या म्हणतात."

"का?"

"पंधरा तारखेच्या पुढची एकही बाटली नाही. कुठल्याच महिन्यात नाही. आणि एकेका तारखेला दोन-दोन बाटल्या आहेत, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सर म्हणतात, बाईंनी महिन्याच्या सुरुवातीला कंटाळा करून एकदम भरून ठेवल्या."

मी म्हटलं, आम्ही महिनाभर भरत होतो. ती म्हणाली, "मला माहीत आहे हो. पण सरांना नुसतं सांगून पटणार नाही. आता मी तीन ठिकाणी स्वतः मोजून बघणार आहे. गिरगाव, दादर आणि शेवटी तुमची जेटी. काकूंचे आकडे कुठे बसतात का बघते. दोरी धरायला कोणीतरी पाहिजे."

दोन वर्षं उन्हापावसात त्या बाईनं हात घातला पाण्यात आणि कोणी खुर्चीत बसून म्हणतो, कंटाळा केला. मी म्हटलं, येतो.

गिरगाव

सून डबा ठेवून कामाला गेली होती. तो डबा घेऊन बसनं निघालो. चौपाटीला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि पाणी उतरत होतं.

गिरगावच्या चौपाटीवर याआधी एकदाच आलो होतो, लग्नानंतर महिन्याभरानं. भावानं सांगितलं, बायकोला फिरवून आण, तिथं सगळे फिरवतात. मी भेळ घेतली. चांगुणा वाळूत बसली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यांचा दर्या आळशी हाय." आमच्या वरळीला पाणी खडकावर येऊन आपटतं, इथं अर्ध्या चंद्रासारख्या किनाऱ्यात येऊन पसरतं. लोक पाण्याकडे तोंड करून बसले होते, आम्ही दोघं लोकांकडे बघत बसलो. समुद्र बघायला पैसे खर्चून येतात याचं तिला फार नवल. नंतर कित्येक वर्षं माझी दुपारची डुलकी दिसली की म्हणायची, "गिरगावचा दर्या झोपला बघा."

प्रज्ञा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्याजवळ एक पांढरा प्लॅस्टिकचा टोप होता, उलटा. काठाला फोम, म्हणून तरंगतो. टोपाच्या बुडातून दोन नळ्या निघून तिच्या गळ्यातल्या डब्यात जातात आणि डब्यावर आकडा उमटतो.

"काका, पाण्यातून कार्बन डायऑक्साइड वर येत असला तर तो टोपाखाली साठतो, आकडा चढतो. पाणी हवेतला ओढून घेत असलं तर आकडा उतरतो."

"म्हणजे दर्या श्वास घेतो आणि सोडतो."

"तसंच समजा. फक्त सरांसमोर म्हणू नका."

मग तिनं मला गोळीसोड्याचं सांगितलं. सोड्याच्या बाटलीत हाच वायू दाबून भरलेला असतो. उघडी ठेवली की निघून जातो, कारण बाहेर कमी आणि आत जास्त. दर्याचंही तेच. ज्या बाजूला जास्त, तिथून कमी असेल तिकडे जातो. वारा जोरात असला की लवकर जातो. गटाराचं पाणी जिथं मिळतं तिथं बारीक जंतू ती घाण खातात आणि त्यांच्या श्वासानं पाणी भरून जातं, मग दर्या नुसता सोडत राहतो. बाटलीत जहराचा थेंब टाकायचा तो याचसाठी, नाहीतर जंतू बाटलीतही खात बसतील आणि आकडा बदलेल. चांगुणाला हे सगळं माहीत होतं का, मी विचारलं. "काकूंनी मला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं," ती म्हणाली. मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

आधी हवेचा आकडा घ्यायचा होता. चारशेच्या वर कुठेतरी तो घुटमळत होता. मी वाकून बघायला गेलो तर आकडा एकदम हजारांत गेला. मला वाटलं यंत्र बिघडलं.

"काका, तोंड तिकडे करा. तुमचा श्वास लागला त्याला."

"एवढा?"

"बिडी ओढता ना?"

"सोडली."

"कधी?"

"आज सकाळी."

ती हसली. मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात एक लाट आली आणि टोप उलथून चालता झाला. मी लेंगा न आवरता धावलो. किनाऱ्यावरच्या एका बाईनं नवऱ्याला सांगितलेलं मला ऐकू आलं, "बघ, या वयात त्यांना पोहायला येतं." टोप धरला. पुन्हा लावला. आकडा चढत होता, सावकाश. आळशी दर्या सोडत होता.

काम आटोपल्यावर गिरगावात एका जुन्या उपहारगृहात बसलो. प्रज्ञानं कोथिंबीर वडी आणि पियुष मागवलं. पियुष म्हणजे श्रीखंड पातळ करून प्यायला द्यावं तसं, वर जायफळ. आमच्याकडे गोड प्यायची पद्धत नाही. भिंतीवर पाटी, विनाकारण बसू नये. पितापिता मी तिला विचारलं, "दोन-दोन बाटल्या एका तारखेला, नक्की?"

"नक्की. चिठ्ठ्या मीच वाचून उतरवल्या कॉम्प्युटरवर."

आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बसमध्ये परत येताना मला वाटलं, केल्या असतील तिनं एकदम. गेल्या पावसाळ्यात दोन महिने माझे गुडघे धरले होते, ती एकटीच जात होती. कित्येकदा मी झोपेतून उठेपर्यंत बाटली खाटेखाली गेलेली असायची. दिवसभर बाजारात उभी राहून पाय सुजायचे तिचे. कोणी बघत नाही म्हटल्यावर एखादीनं घरच्या घरी भरल्या तर त्यात काय. मी तिला माफसुद्धा करून टाकलं, वरळी येईपर्यंत.

दादर

दुसऱ्या दिवशी ओहोटी दोनला होती. मी सकाळीच दादरला गेलो. फुलबाजारातून वाट काढत जावं लागतं. डोक्यावर झेंडूची गाठोडी घेतलेली माणसं कोणासाठी थांबत नाहीत. तिथून मासळी बाजार. चांगुणा तीस वर्षं तिथं बसली. तिच्या जागेवर दुसरी बाई अजून बसली नव्हती, फक्त एक बर्फाची रिकामी पेटी ठेवली होती. शेजारी सोनूबाय. ती आणि चांगुणा दिवसातून तीनदा भांडायच्या आणि एकाच डब्यात जेवायच्या.

"या दाजी. बायको होती तेव्हा कधी पाय लागला नाय इथं."

"काम होतं."

"गिऱ्हाईक हाय का? नसलं तर बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

बाजूला झालो. ती पापलेट कापत होती. मी हळूच विचारलं, चांगुणा बाटल्या कधी भरायची, तुझ्याशी काही बोलायची का? घरी एकदम भरून ठेवायची का?

सोनूबायचा कोयता थांबला.

"तुमी नवरा ना तिचे?"

"हो."

"मंग मला काय विचारता? ओहोटी दुपारची असली का ती धंदा टाकून पळायची. पाटी सांभाळ गो सोनू, म्हणायची. तिचं गिऱ्हाईक मी सांभाळलंय. ती का पळायची घरी बसायला?" आणि शेजारणीकडे वळून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "बायकोचं खरं-खोटं बाजारात विचारतोय. सरग्याचा भाव विचारल्यासारखं."

तीन-चार बायका हसल्या. मी काही न घेता निघालो. तिनं सांगितलं ते बरं वाटलं, पण सोनूबाय तारीख कुठून देणार? धंदा टाकून पळायची, एवढं सांगून सरांना काय पटणार होतं?

दोन वाजता शिवाजी पार्कच्या मागच्या चौपाटीवर प्रज्ञा भेटली. चैत्यभूमीकडे बघून तिनं हात जोडले आणि कामाला लागली. इथला किनारा अरुंद, दगडांचे बांध घातलेले. एका अंगाला नाल्याचं तोंड, दुसऱ्या अंगाला दगडांवर हिरवं शेवाळ, उन्हात चमकत होतं. नाल्याच्या तोंडापाशी टोप ठेवला. आकडा असा चढला की प्रज्ञानं ओठ चावला. वासावरून मीही सांगितलं असतं. मग शंभर पावलं चालून शेवाळापाशी गेलो. तिथं टोप ठेवला तर आकडा थोडा थांबला आणि खाली यायला लागला. एक एक करत.

"आत घेतोय," मी म्हटलं.

"शेवाळ घेतंय. ऊन आहे तोवर. अंधार पडला की तेच सोडणार."

दर्या असं करतो हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर त्याच्यावर पोट भरलं, पण एकाच ठिकाणी शंभर पावलांवर एकीकडे सोडतो आणि एकीकडे घेतो, हे कळायला उलटा टोप लागला. चांगुणाला दाखवायला हवं होतं. ती म्हणाली असती, मला ठाऊक होतं. तिला सगळंच आधी ठाऊक असायचं. निदान ती तसं म्हणायची.

फिरायला आलेले एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ थांबले. "क्षमा करा, आपण नेमकं काय मोजत आहात?"

"दर्याचा ताप," मी म्हटलं.

ते गंभीर झाले. "मग? किती आहे?"

"नाल्याकडे जास्त. इकडे उतरलाय."

"औषध काय आहे त्याला?"

"नाल्यात जे सोडता ते सोडू नका."

ते म्हणाले, आमचं ड्रेनेज तिकडे जात नाही, दुसरीकडे जातं. प्रज्ञा तोंड फिरवून हसत होती. दादरचे लोक बोलायला फार चांगले. प्रत्येकाला वाटतं आपलं ड्रेनेज दुसरीकडे जातं.

परळ

तिसऱ्या दिवशीची ओहोटी आमच्या जेटीवर तीनच्या सुमाराला होती. प्रज्ञा म्हणाली, यंत्राची बॅटरी घरी चार्जला लावलीय, आई तुम्हाला जेवायला घेऊन ये म्हणाली आहे, परळहून जेवूनच वरळीला जाऊ. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी लालबागला उतरलो. चिवडा घेतला, पाव किलो. मिरची कांडायच्या गल्लीतून जाताना नाकात तिखटाचा खकाणा गेला आणि डोळे भरून आले. ते मिरचीमुळेच, पण दर उन्हाळ्यात चांगुणा इथं मसाला कांडायला यायची. डंखावर, म्हणजे कांडपाच्या यंत्रावर, मसाला कुटत असला की समोरून हलायची नाही. म्हणायची, नजर हलली की मिरची बदलतात. एकदा मी पिशवी धरायला आलो होतो. तिला सोडून गिरणीच्या फाटकावरचा मोर्चा बघायला गेलो, तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती. आता तिथं काचेच्या इमारती आहेत. डंखाचा आवाज तोच आहे.

प्रज्ञाचं घर चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली. तिची आई सुमनताई इस्पितळात आया होत्या, आता निवृत्त. दारात "जयभीम" म्हणाल्या, मी "रामराम" म्हटलं आणि पाणी आलं. बुद्धाच्या फोटोपुढे दोन ताजी फुलं. आमच्याकडे देवघरात भांडी मांडतात तशी गर्दी नाही, एवढंच. मोरीपासून फळीपर्यंत बाकी घर आमच्यासारखंच.

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी, लसूण ठेचून. मेल्या मनानं बसलो होतो, पण जेवलो. तिसरी भाकरी वाढताना सुमनताई म्हणाल्या, "बोंबील घ्या ना."

"घेतो. ती असती तर पाटावरून उठवलं असतं. आज एकादशी. ती पाळायची."

"तुम्हाला बऱ्या तिथ्या पाठ. मी तर एक पुनव बघते, विहारात वंदनेला जायचं असतं म्हणून. परवानंतर दोन दिवसांनी आहे."

"पाठ कसल्या, ताई. दर्यावर ज्याचं पोट, त्याला तिथीच लागते. तारखेवरून ओहोटी कळते का? सात तारखेला पाणी किती वाजता उतरेल, कोणी सांगावं? शुद्ध सप्तमी म्हणा, झोपेत सांगीन. वद्य असो नाहीतर शुद्ध, सप्तमीला पाणी त्याच वेळेला उतरणार. आमच्याकडे बायका तारीख बघतच नाहीत."

प्रज्ञाचा घास हातात राहिला. डाव्या हातानं तिनं मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. चांगुणाच्या चिठ्ठीचा फोटो होता. तिचं अक्षर मी दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. निब मोडल्यासारखं, उजवीकडे कललेलं.

"काका, हे काय आहे, वाचा."

"शु पाच. शुद्ध पंचमी."

"आणि हे?"

"व अकरा. वद्य एकादशी. यात वाचायचं काय?"

तिनं ताट सरकवलं. "मी 'शु' म्हणजे शुक्रवार समजले. शुक्रवार, पाच तारीख. बऱ्याचदा त्या तारखेला शुक्रवार येत नव्हता, मग सर म्हणाले, बाईंना वारही कळत नाहीत."

"आणि 'व'?"

"वरळी," ती म्हणाली. "व म्हणजे वरळी, असं मी लिहिलंय. कॉम्प्युटरमध्ये, दोन वर्षं."

सुमनताईंनी हाताला लागलेलं भाकरीचं पीठ झटकलं. "डॉक्टर होणार म्हणे. समोर भिंतीवर कॅलेंडरात छापलेलं असतं ते. डोळे फुटले होते?"

"आई, तू पुनव तेवढी बघतेस. मधल्या दिवसांचं आपल्यात कोण बघतं?"

"मग मला विचारायचं होतंस."

मला कळायला जरा वेळ लागला. मग एकदम सगळं दिसलं. तिथी पंधराच्या पुढे जातच नाही. पुनव झाली की पुन्हा प्रतिपदेपासून. पुनव आणि अवस चांगुणा सोडायची, म्हणजे तिच्या चिठ्ठीवर चौदाच्या वर आकडा कधी येणारच नव्हता. शु पाच आणि व पाच यांच्यात पंधरा दिवस, ते या पोरीनं एका तारखेत बसवले होते.

"शेवटची चिठ्ठी बघ," मी म्हटलं.

तिनं काढली. व सहा. सरांच्या यादीत ती सहा तारखेला होती. चांगुणा गेली बारा तारखेला, आणि आम्ही भरली आदल्या दिवशी, म्हणजे अकराला. मोबाईलवर प्रज्ञानं अकरा तारीख काढली. वद्य षष्ठी.

तिनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, चूक माझी आहे. काकूंची नाही."

मी म्हटलं, "आधी ताट संपव."

मग कॉम्प्युटर उघडून बसलो. चिठ्ठीचा फोटो ती दाखवायची, मी वाचायचो, ती पिशवीवरचा महिना बघून खरी तारीख लावायची. वाचता वाचता दिवस आठवू लागले. व चार, नातीचं बारसं, घरात पाहुणे आणि ही बादली घेऊन जेटीवर. शु तेरा, सोनूबायशी कोळंबीवरून भांडण, येताना रस्त्याभर एकटीच भांडत आली. शु दोन, होडीचं नवं इंजीन आलं तो दिवस. सुमनताई चहा करून द्यायच्या आणि मधेच म्हणायच्या, "त्यांनी भांडण जिंकलं का?" जिंकलं, मी सांगायचो. दोन वर्षं मी तिच्या बाजूला झोपून काढली होती, आणि ती काय काय करत होती ते मला परळच्या चाळीत बसून वाचायला मिळत होतं.

तीन चिठ्ठ्यांशी मी थांबलो. तीनही लागोपाठच्या, पहिल्या पावसाळ्यातल्या. चांगुणाला ताप होता, बाटल्या मी भरल्या होत्या, चिठ्ठ्या तेवढ्या तिनं लिहिल्या. बुडबुडा आहे का, तिनं पडल्या पडल्या विचारलं होतं. नाही म्हणालो होतो.

"या तीन काढून टाक," मी म्हटलं. "यात बुडबुडा आहे. ती नव्हती, मी होतो."

प्रज्ञानं त्या तीन ओळी लाल केल्या. म्हणाली, त्या तीन आधीपासूनच विचित्र होत्या.

सगळ्या तारखा लागल्यावर तिनं पडद्यावर एक रेघ काढली. वर जाते, खाली येते, पुन्हा वर. समुद्रासारखीच. अष्टमीच्या आसपास, भांगाचं म्हणजे कमी भरती-ओहोटीचं पाणी जेव्हा फारसं हलत नाही, घाण तिथंच मुरत बसते, तेव्हा आकडा वर. पुनव-अवसेच्या जवळ उधाणाचं पाणी आतबाहेर करून सगळं धुऊन नेतं, तेव्हा खाली. दोन वर्षं, प्रत्येक पंधरवड्याला. माझ्यासारख्यालाही ती रेघ वाचता आली.

तिनं सरांना फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला. सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "शुद्ध, वद्य. माझी आई कॅलेंडर बघून हेच बोलायची." लगेच पुढे म्हणाले, "तीन सोडून बाकीच्या ठेवा. पाणी गोळा करणाऱ्याचं नाव आपण काय लिहिलंय?"

"स्थानिक महिला, सर."

"ते काढा. नाव विचारा."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या नावासकट, कारण दर्याला न घाबरणं ती माहेराहून घेऊन आली होती. घड्याळात बघितलं तर पावणेपाच. जेटीवरची ओहोटी केव्हाच होऊन पाणी परत चढायला लागलं होतं. तिसरी ओहोटी आमची हुकली. प्रज्ञा म्हणाली, आता तिची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी दादरला गेलो. सोनूबाय नुकतीच बर्फ फोडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाटल्या खऱ्या निघाल्या. सगळ्या. पण मी एक दिवस तिच्यावर संशय घेतला होता."

तिनं वर बघितलं नाही. "एकच दिवस?"

"एकच."

"आमचे हे तीस वर्षं घेत होते. चला, उजेड सोडा." मग चार बांगडे काढून, साफ करून, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "सुनेला सांगू नका. स्वतः करा."

घरी आलो. चूल कशी पेटते इथपासून सगळं शोधावं लागलं. चिंच सापडली, मसाल्याचा डबा सापडला. कालवणात मीठ जास्त पडलं. सगळं खाल्लं.